हा मासळीचा वास नव्हे

जगनने बोंबलांचा डबा तिसऱ्यांदा गच्चीवर नेऊन ठेवला, तरी वास घरातच राहिला.

“मी कुणाचं नाव घेत नाही,” सगुणा नणंदेकडे न बघता म्हणाली. “पण वास कधीपासून येतोय? गेल्या रविवारपासून. आणि बोंबील कधी आले? गेल्या रविवारी.”

“घे ना नाव, वैनी. चंद्रभागा. डोंबिवली पूर्व. पिनकोड पण सांगू?”

“कोळ्याच्या घरात डोंबिवलीहून सुके बोंबील! मामंजी असते तर...”

“बाबा असते तर त्यांनी आधी हे विचारलं असतं, की आपल्या कोळीवाड्यात आता काय सुकतं? ओढण्या आणि गाऊन.”

सोफ्याचं एक टोक गोमाजीने व्यापलं होतं आणि उरलेला सोफा त्याच्या मोठ्या भावाने, सगुणाच्या नवऱ्याने, नाथाने. गोमाजीने पिशवीतली शेव तळहातावर घेतली, डोळे मिटले आणि नाक वर केलं. “बोंबील नाय हा. मांदेली आहे. शंभर टक्के.”

“मांदेली आणली कुणी पण?” नाथाने विचारलं.

“ते मला काय माहीत. मी वास सांगतोय, आणली कुणी ते पोलीस सांगतील.”

या घराण्याला नाकाचा अभिमान होता. बाबुराव, म्हणजे नाथा-गोमाजीचे वडील, धक्क्यावर उभे राहून खाडीच्या वळणावरच्या होडीत बोई आहे की निवटी ते सांगत, असं कोळीवाड्यात अजून बोललं जाई. त्यांच्या नाकाचे वारस आता नारळी पौर्णिमेच्या सकाळी पंख्याखाली बसून स्वतःच्याच घरातला वास ओळखू बघत होते. चर्चेत आतापर्यंत बोंबील, मांदेली, करंदी आणि पलीकडच्या बिल्डिंगमधले बंगाली असे चार संशयित आले होते.

इमारतीचं नाव ‘दर्यादर्शन’. तिथून दर्या दिसत नसे, दर्यादर्शनची बी विंग दिसे. अठ्ठ्याऐंशी साली घरची खाजणाची, खाडीकाठची जमीन बिल्डरला दिली, तिच्या बदल्यात हे फ्लॅट आणि तळमजल्यावरचा एक गाळा मिळाला. तोवर खाडीचं पाणी काळं झालं होतं. जाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्या येत आणि चुकून मासा आलाच, तर त्याला रॉकेलची चव असे. नाथाने होडी बांधून ठेवली, ती मग कोणीतरी सरपणाला नेली. गाळा त्याने हरिहर नावाच्या फरसाणवाल्याला भाड्याने दिला आणि त्याच्या दारात खुर्ची टाकून बसू लागला. हरिहर मालकाला रिकामा बसू देत नसे. घाणा निघाला की पहिली बशी नाथाला.

पूर्वी नाथा पहाटे दोन भाकऱ्या आणि कालवण खाऊन होडी वल्हवत खाडीच्या तोंडापर्यंत जाई. होडी गेली, वल्हं गेलं, भूक तेवढी होडीवरच्या माणसाचीच राहिली. लोक म्हणाले, नाथाची तब्येत सुधारली. मग म्हणाले, नाथा शेठ दिसतो. मग काही म्हणेनासे झाले. मे महिन्यात लिफ्ट बंद पडली, तसं नाथाचं खाली जाणंही बंद झालं. आता सगुणा गॅलरीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडे आणि हरिहर ती भरून देई. सकाळी जिलेबी-गाठिया, दुपारी पावभाजी, संध्याकाळी समोरच्या गाडीवरचे चायनीज. पूर्वी या माणसांना खाण्यासाठी दर्यात जावं लागे, आता दर्याला हाक मारली की तो दोरीवरून वर येत असे.

सगुणाला मासे करायचे नव्हते असं नाही. पण मासे करायचे तर मोरळीवर, म्हणजे विळीवर, बसावं लागतं, आणि तिच्या गुडघ्यांनी बसायला दोन वर्षांपूर्वीच नकार दिला होता. तेव्हा चंद्रभागेने आणलेला बोंबलांचा डबा अजून उघडलाच नव्हता. हे तिला माहीत होतं. झाकण बंद असलेल्या डब्याला वास कसा येईल, हेही तिच्या मनात आलं होतं. पण भांडण एवढं चांगलं रंगलं होतं की तिने तो विचार बाजूला ठेवला.

तेवढ्यात दारात जनाबाई उभी राहिली.

नाथाची आई कोळीवाड्यातल्या जुन्या खोलीत एकटी राही. वय बहात्तर, अंगावर मांस असं नाहीच, नऊवारीच्या कासोट्यात खोचलेला एक विळा जणू. तीन मजले चढून ती आली होती आणि तिला धाप लागली नव्हती, याचा घरातल्या सगळ्यांना थोडा राग आला. हातात सोनेरी कागद लावलेला नारळ होता.

“नाथा, उठ रं. भरती लागलीया. गेल्या साली गोमाना नारळ सोडला, लोकांनी माझ्या तोंडावर विचारलं, थोरला मेला का? औंदा तुनाच यावाचं.”

“आये, लिफ्ट...”

“तुझा बापूस काय लिफ्टीनं जायचा खाडीवर?”

गोमाजीने शेव चावण्याचा वेग वाढवला. घरचा नारळ खाडीला अर्पण करण्याचा मान थोरल्याचा. गेल्या वर्षी तो पहिल्यांदा त्याला मिळाला होता. नवीन शर्ट शिवला होता. यंदाचा शर्टही पिशवीत होता, पण पिशवी सोफ्यामागे होती आणि सोफ्यावर नाथा होता.

“आई, पाणी घे,” सगुणा म्हणाली. “आणि वासाचं मनावर घेऊ नकोस. चंद्राताईंचे बोंबील...”

जनाबाईने कुणाचं ऐकलं नाही. ती सवयीने जमिनीवर, नाथाच्या पायांशी उकिडवी बसली.

या घरात वर्षभरात जमिनीवर बसू शकणारं माणूस आलंच नव्हतं. सगुणाला वाकता येत नव्हतं, गोमाजीला वाकलं की चक्कर येई, चंद्रभागा डायनिंग टेबलाच्या खुर्चीशिवाय कुठे टेकत नसे. जगन वाकू शकत होता, पण वीस वर्षांचा मुलगा बापाच्या पायांशी कशाला वाकेल? आणि नाथाला स्वतःचा पाय दिसायचा बंद होऊन बरेच दिवस झाले होते. मध्ये पोट होतं. पाय खाली आहेत, हे तो ऐकीव माहितीवर मानत होता. त्याच्या साखरेचं निदान झालं त्यालाही वर्षं झाली. गोळ्या होत्या. गोड खाल्लं की तो एक जास्त घेई.

जनाबाईने श्वास आत घेतला. मग लुंगीचं टोक वर केलं.

“यो मासळीचा वास नाय,” ती म्हणाली.

डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. तळव्याखाली सोड्याच्या बाटलीचं बूच रुतलेलं होतं, कधी रुतलं कोण जाणे. त्याच्याभोवतीचं मांस हिरवट झालं होतं आणि घोट्याच्या वर लाली चढली होती.

पंखा फिरत राहिला. सगळे मान वाकवायचा प्रयत्न करत होते.

“काय हाय गो आये?” नाथाने विचारलं. तो आपल्याच पायाची बातमी बाहेरच्यासारखी विचारत होता. “दुखत तर नाय मना काय.”

“दुखत नाय म्हणूनच,” जनाबाई म्हणाली.

“म्हणजे माझे बोंबील चांगले होते,” चंद्रभागा म्हणाली आणि मग तोंडात ओढणी कोंबून मोठ्याने रडू लागली. सगुणा भिंतीला टेकली. आठ दिवस ती या वासाच्या खोलीत, याच माणसाच्या शेजारी झोपली होती, आणि रोज सकाळी उठून तिने उभ्यानेच, दांड्याच्या पोछ्याने, फिनेल टाकून फरशी पुसली होती. त्याच्या पायांच्या भोवतीने.

*

नर्सिंग होमला फोन गोमाजीने केला. फोनवर बोलताना तो उभा राहिला, हे घरात क्वचित घडणारं होतं.

“आत्ताच्या आत्ता आणा म्हणतात. आजच कापावं लागेल. बोटं, नाहीतर... बघून सांगतील. विष वर चढलं तर माणूस जातो म्हणाले.” “आणि काही खायला द्यायचं नाही. भूल द्यायची असते ना. उपाशी पोटी आणा म्हणाले. पाणी पण नाही.”

“सणाच्या दिवशी उपाशी?” जनाबाई म्हणाली.

“मी येत नाय,” नाथा म्हणाला.

“दादा, डोकं फिरलंय का?” चंद्रभागा डोळे पुसत म्हणाली. “जीव जाईल.”

“जाऊदे. तिथं काटा असतो.”

ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात नाथा वजनकाट्यावर उभा राहिला आणि काटा फिरून शेवटाला जाऊन थांबला. कंपाउंडरने फार विचार करून त्याला माजिवड्याच्या भंगारवाल्याकडे पाठवलं. नाथा गेलाही. पितळी घमेली आणि जुन्या बॅटऱ्या उतरवल्यावर तो चढला. पावती मिळाली. मालाचं वर्णन या रकान्यात लिहिलं होतं, ‘मिश्र’. बघायला जमलेल्यांपैकी एकाने भाव विचारला होता.

“कोण नाय काटा लावणार,” गोमाजी म्हणाला. “मी बोलतो ना त्यांच्याशी.”

“तू बोल. तुना नारळाची घाई हाय.”

गोमाजीचं तोंड उघडं राहिलं. त्यात शेव होती. “दादा! मी इथे तुझ्या जिवाचं...”

“सोफ्यामागं शर्ट हाय तुझा. दोन दिवसांपासून बघतोय मी. पाय दिसत नाय, शर्ट दिसतो.”

“भाऊजी, खरं का हे?” सगुणा गोमाजीकडे वळली, आणि नणंदेशी तिची सकाळपासूनची लढाई तिथल्या तिथे संपली. चंद्रभागा उठून वहिनीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. दोघींनी मिळून गोमाजीकडे बघितलं. गोमाजीने शेवेची पिशवी पाठीमागे लपवली, जणू भांडण शेवेचंच होतं.

जनाबाई अजून जमिनीवर होती. लहानपणी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवल्या की तिच्या घरी पेज असे, आणि पेज संपली की पेजेचं भांडं धुतलेलं पाणी असे. पहिला मुलगा झाला तेव्हा तिने म्हाताऱ्या दाईसमोर बोलून दाखवलं होतं, याला मी कधी नाय म्हणणार नाय. तिने तो शब्द पाळला होता. शेजारणी दागिने दाखवीत, ती नाथाचे दंड दाखवी. आता ते दंड तिच्या डोळ्यांसमोर होते आणि तिला त्यांतला आपला वाटा ओळखता येत होता.

तिने नारळ गोमाजीच्या हातात दिला.

“औंदा तूच सोड. थोरला जाणार नाय खाडीवर.”

गोमाजीला इतक्या वर्षांनी मान रीतसर मिळाला. त्याने नारळ विस्तव धरावा तसा धरला. “आये, असं नको ना बोलू. दादा पुढच्या वर्षी...”

“धर म्हटलं ना.” मग ती नाथाकडे वळली. “आणि तू उठ. काटा आला तर मी पयली उभी राहीन त्याच्यावर. माझं वजन त्यांना दिसणारच नाय, त्यांना वाटेल काटाच बिघडलाय.”

नाथा हसला. त्याच्या हसण्याने सोफ्याच्या स्प्रिंगा वाजल्या. नकार मोडायला तेवढंच पुरलं.

*

उचलायचं कशात, हा प्रश्न होता. खुर्चीत तो बसत नव्हता, खाटेचा पत्रा जिन्याच्या वळणावर फिरणार नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचे शिवराम कांबळे आवाज ऐकून वर आले. वर्कशॉपमधला माणूस, त्यांनी खिशातून टेप काढून जिना मोजला, नाथाकडे बघितलं आणि टेप परत खिशात ठेवला. मोजून दुःख वाढवण्यात अर्थ नव्हता.

“जाळं,” जगन म्हणाला.

गॅलरीला कबुतरांसाठी जाळं लावलेलं होतं. बाबुरावांचं प्रवाहात लावायचं डोल जाळं, खाडीत टाकण्यासारखं राहिलं नव्हतं म्हणून कबुतरांवर टाकलेलं. जगनने ते सोडलं. सगळ्यांनी मिळून नाथाला त्यात घेतलं, कडेच्या दोऱ्यांना गाठी मारल्या आणि सोसायटीतले सापडतील ते पुरुष दोऱ्यांना लागले. मागे मोकळ्या गॅलरीतून कबुतरं आत आली आणि सोफ्यावर बसली. इतक्या दिवसांनी सोफा रिकामा दिसत होता.

उंबऱ्यावर जनाबाईने हात आडवा केला.

“थांबा. कामाला चालला, हातावर दही-साखर नको?”

“आये, उपाशी...” गोमाजी म्हणाला.

“दही-साखर म्हणजे खाणं नाय. शकुन हाय तो.” तिने वाटीतून नाथाच्या तळहातावर घातलं. मग उरलेलं वाटीत कशाला ठेवायचं, म्हणून तेही घातलं. नाथाने हात चाटला.

जाळं उचललं गेलं आणि नाथाचं अंग जमिनीपासून सुटलं.

त्याला ओळखीचं वाटलं. बापाच्या होडीत तो लहानपणी असा आडवा पडे, खाली पाणी असे आणि अंगाला वजन नसे. आताही खाली काही नव्हतं. वर जिन्याचं छत सरकत होतं, भिंतीवरच्या पानाच्या पिचकाऱ्या सरकत होत्या. माणसं कण्हत होती, शिव्या देत होती, “अरे डावीकडून, डावीकडून!” ओरडत होती. पण ती आपल्याला कुठेतरी नेत होती. आपल्याला कुणी कुठे नेईल, असं त्याला गेली काही वर्षं वाटलंच नव्हतं. लोक त्याच्याकडे वस्तू आणत. त्याने डोळे मिटले. मग पोटात कळ आली. भूक. ती त्याच्याबरोबर जाळ्यात आली होती.

दुसऱ्या मजल्यावर उचलणारे थांबले. सगळ्यांना धाप लागली होती. बिल्डिंगमधले पुरुषही आता नाथाच्याच वाटेवर होते, काही पायऱ्या मागे एवढंच. शिवरामांच्या बायकोने, केशरबाईने, सगळ्यांना चहा आणला. नाथाला वगळून कसा द्यायचा? माणूस पांढराफटक पडला होता.

“काकी, काही द्यायचं नाहीये त्यांना,” जगन म्हणाला.

“अरे, चहा आहे. जेवण कुठे आहे? चक्कर येऊन पडले तर कोण जबाबदार?” तिने दोन क्रीमची बिस्किटं बुडवून त्याच्या तोंडात दिली. “त्या हापशाच्या रांगेत मी पोटुशी उभी असायचे, तेव्हा यांनी माझे हंडे वर आणलेले. मी विसरणारी नाय.”

पहिल्या मजल्यावर चंद्रभागेने चुडीदाराच्या ओढणीत बांधलेली नारळीभाताची मूद काढली. सकाळी डोंबिवलीहून फक्त भावासाठी आणलेली.

“ताई, तुम्ही पण?” सगुणा म्हणाली.

“एक घास, वैनी. राखी बांधायचीच राहिली सकाळपासून, भांडणात. भावाचं तोंड गोड न करता पाठवू?” तिचे डोळे पुन्हा भरले. “एका घासाने काय होतंय?”

सगुणाने तोंड फिरवलं. ती नको म्हणाली नाही. तिला आठवलं, सकाळी डोळे उघडल्याबरोबर, हे सगळं कळायच्या आधी, तिने त्याला पाव आणि मस्का दिला होता. तोही तसा एक घासच होता.

तळमजल्यावर हरिहर गल्ला सोडून बाहेर आला. मालकाला जाळ्यात बघून त्याने कपाळावर हात मारून घेतला. धावत आत जाऊन थंड पेयाची बाटली आणली, स्वतःच्या हाताने उघडली, बूच लांब गटारात फेकलं आणि नाथाच्या तोंडाला लावली. “मालक, घशाला कोरड नको.” तो खरोखर रडत होता. नऊ वर्षांत एवढं खाणारं गिऱ्हाईक त्याला मिळालं नव्हतं, पण तो त्यासाठी रडत नव्हता.

*

अँब्युलन्स नव्हती. गावभरातले टेम्पो मिरवणुकीला लागले होते. जगनने कोळीवाड्याच्या मिरवणुकीतलाच एक पळवून आणला. त्यावर थर्माकोलची होडी उभारली होती, चांदीच्या रंगाची, शिडासकट. होडी काढायला वेळ नव्हता. नाथाला होडीतच ठेवलं.

असा नाथा शेवटी नारळी पौर्णिमेला होडीतून निघाला. कोपरीच्या रस्त्याने लोक थांबले. काहींनी हात जोडले. एका बाईने मुलाला उचलून दाखवलं, “बघ बाळा, दर्याचा राजा.” नाथाने काय करावं ते न सुचून हात वर केला. त्या मुलाने टाळ्या वाजवल्या.

गोमाजी होडीच्या टोकाशी नारळ मांडीवर घेऊन बसला होता. भरती उतरू लागली असणार. तिकडे लोक त्याची वाट बघत असतील. त्याने तोंड फिरवलं आणि खिशातून कागदात गुंडाळलेला वडापाव काढला. भीती वाटली की त्याला भूक लागे, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. तो चावू लागला. मग त्याला नजर जाणवली. नाथा थर्माकोलला डोकं टेकवून त्याच्याकडे बघत होता. काही म्हणत नव्हता.

“दादा, नको ना असा बघू.”

“मी कुठं काय बोललो?”

फोनवर डॉक्टरांशी गोमाजीच बोलला होता. निरोप त्यानेच सगळ्यांना सांगितला होता. लहानपणी एका तांदळाच्या भाकरीचे दोन भाग होत, आणि मोठा भाग नाथा नेहमी त्याला देई. त्याने वडापावचे दोन तुकडे केले. एक तुकडा मोठा झाला. तो त्याने नाथाच्या तोंडात दिला.

*

नर्सिंग होममध्ये काटा दिसलाच नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पूर्ण झोप न झालेल्या. त्यांनी पाय बघितला, रक्त तपासायला पाठवलं आणि घाईने म्हणाल्या, “भूलवाले डॉक्टर निघालेत. बोटं आणि पुढचा पाय जाईल, पण वेळेत आलात. सकाळपासून काही खाल्लं नाही ना यांनी?”

“नाही,” सगळे एका सुरात म्हणाले.

“थोडंसं,” नाथा म्हणाला.

डॉक्टरीणबाई थांबल्या. “म्हणजे काय?”

जनाबाई म्हणाली, “दही-साखर. शकुनाची.” चंद्रभागा म्हणाली, “एक घास भात.” चहा आणि बिस्किटांचं जगनने सांगितलं, थंड पेयाचंही. सगुणाने पाव-मस्का सांगितला आणि भिंतीकडे बघत राहिली. गोमाजीने नारळ या हातातून त्या हातात घेतला. “अर्धा वडा,” तो शेवटी म्हणाला. “म्हणजे, अर्ध्याहून थोडा जास्त.”

देणाऱ्या प्रत्येकाने त्याला एकच घास दिला होता. आपल्या एका घासाने काय होतंय, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या बाहेर जाऊन फोनवर बोलल्या आणि परत आल्या. साखर एवढी वर होती की यंत्राने आकडा दाखवला नाही. या वजनाला, भरल्या पोटी, भूल देताना पोटातलं छातीत गेलं तर माणूस टेबलावरच जाईल. भूलवाले तयार नव्हते. सहा तास तरी थांबायला हवं. त्यांनी सलाईन लावली, इंजेक्शनं दिली, मग खिशातलं बॉलपेन काढून नाथाच्या नडगीवर, लाली जिथे संपत होती तिथे, एक आडवी रेघ ओढली.

“लाली या रेघेच्या वर जाऊ नये,” त्या म्हणाल्या. “गेली तर मला हाक मारा.”

मग सगळे त्या रेघेकडे बघत बसले. खाडीचं पाणी खांबावरच्या खुणेपाशी चढताना बघत बसत, तसे. चारच्या सुमाराला लाली रेघेला लागली. डॉक्टरीणबाईंनी येऊन गुडघ्याखाली दुसरी रेघ ओढली आणि आता पाय इथून जाईल म्हणाल्या. साडेपाचला त्यांनी तिसरी ओढली, मांडीवर. या वेळी इथून जाईल असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी सगुणाला बाहेर बोलावलं. सगुणा परत आली तेव्हा तिने कुणाशी न बोलता नाथाची लुंगी नीट केली. वाकता येत नव्हतं, तरी वाकली.

चंद्रभागेने राखी काढली. मनगटाला दोरा पुरेना. तिने दुसऱ्या राखीचा दोरा तोडून जोडला आणि बांधली. गोमाजी नारळ घेऊन व्हरांड्यात निघून गेला. मिरवणुकीचा बँड लांबून ऐकू येत होता.

नाथाला ग्लानी होती. त्याच्या ओठांवर कोरड आली होती. त्याने डोळे उघडले आणि आईला शोधलं.

“आये.”

“हाय रं, इथंच हाय.”

“भूक लागली. काय हाय का गो तुझ्याकडं?”

जनाबाईच्या कमरेच्या पिशवीत नारळाची वडी होती. सकाळी त्याच्यासाठीच केलेली, गुळाची, त्याला आवडते तशी कडक. तिचा हात आपोआप पिशवीकडे गेला. तिने तो दुसऱ्या हाताने धरला. दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसली.

“नाय,” ती म्हणाली.

नाथाने तिच्याकडे नीट बघितलं. खायला मागितल्यावर हा शब्द त्याने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्याला वाटलं, आपल्या आईसारखी दिसणारी ही दुसरीच कोणी बाई आहे. तो विनयाने, परक्या बाईशी बोलावं तसा म्हणाला,

“बरं. राहूद्या मग.”